चोक उघडला की इंजिन बंद: एका जुन्या १०० सीसी गाडीच्या स्लो जेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०१२ सालची, १०० सीसी, फोर स्ट्रोक, साध्या स्लाइडच्या (मूठ फिरवली की वर उचलणाऱ्या सरकत्या झडपेच्या) कार्बोरेटरची. मालक नाशिकच्या मखमलाबाद शिवारातले द्राक्षबागायतदार. घरात नवी गाडी आली आणि ही जूनमध्ये शेडमध्ये लागली. मुलाला कॉलेजला जायला गाडी हवी झाली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये ती बाहेर निघाली. मधले पाच महिने टाकीत जेमतेम पाव भाग पेट्रोल होतं आणि पेट्रोल कॉक ऑनवरच राहिला होता.

या प्रकरणाचं मूळ त्या कॉकमध्ये आहे. कॉक बंद असता तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एकदा उडून गेलं असतं आणि तळाशी थोडा चिकट थर राहिला असता. तो उघडा राहिल्याने वाटीतलं पेट्रोल जसजसं उडेल तसतसा वाटीत तरंगणारा फ्लोट खाली उतरतो आणि टाकीतून नवं पेट्रोल आत घेतो. तेही उडतं, पण त्यातला न उडणारा चिकट भाग मागे राहतो. पाच महिन्यांत एका वाटीचा नाही, कित्येक वाट्यांचा गाळ एकाच जागी आटत गेला.

दुसरी भर टाकीची. तीन भाग रिकाम्या टाकीत दिवसा गरम आणि रात्री गार होणारी हवा आतबाहेर करते, आणि पावसाळ्यात तिच्याबरोबर दमट हवा आत येऊन पत्र्यावर पाणी धरते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. कॉकही टाकीच्या तळाशीच असतो, त्यामुळे ते पाणी कार्बोरेटरकडे उतरू शकतं.

अडचण

गाडी चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) लावून तिसऱ्या-चौथ्या किकला सुरू व्हायची. चोक उघडला की दहा-बारा सेकंदांत बंद. रेस धरून ठेवली तर चालायची, सोडली की पुन्हा बंद. रस्त्यावर ४०-५० च्या वेगात काहीच तक्रार नव्हती. पण द्वारकेच्या चौकात किंवा पंचवटीत गर्दीत थांबायची वेळ आली की मुलाला दर वेळी किक मारावी लागे.

मालकांचं म्हणणं होतं, 'थंडीमुळे होतंय.' निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या रोज येत असताना हे पटण्यासारखं होतं, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. १० अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ९ टक्के घट्ट असते, आणि गार पेट्रोलची वाफही कमी होते. त्यामुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पण थंडीचा दोष इंजिन तापल्यावर जायला हवा. ही गाडी दुपारी दोन वाजता, अर्धा तास चालवून आणल्यावरही तशीच बंद पडत होती. 'नाशिक उंचावर आहे, हवा विरळ' हेही कुणीतरी सुचवलं. साधारण ६०० मीटर उंचीवर हवा विरळ होते हे खरं, पण तिने मिश्रण पातळ होत नाही, किंचित घट्टच होतं. लक्षण नेमकं उलट होतं.

पहिली दुरुस्ती आणि तिने वाढवलेला गोंधळ

पहिल्या गॅरेजमध्ये कार्बोरेटर गाडीवरच ठेवून खालची वाटी उघडली. स्लो जेट (आयडलिंगला, म्हणजे मूठ सोडून इंजिन नुसतं चालू असताना, पेट्रोल देणारा बारीक छिद्राचा पितळी तुकडा) काढून त्याच्या छिद्रात सेफ्टी पिन फिरवली, फुंकर मारली आणि जेट परत बसवला. मग आयडलिंगचा स्क्रू आत घेऊन रेस वाढवली. अर्ध्या तासाचं काम. गाडी बंद पडायची थांबली आणि मुलगा खूश होऊन घरी गेला.

चार दिवसांनी तक्रारी बदलल्या. सिग्नलला इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वर ओरडत उभं राही. रेस सोडल्यावर लगेच खाली येत नसे. सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येई. सिग्नल सुटला, क्लच सोडत थोडी रेस दिली की गाडी एक क्षण दम टाकायची आणि मग झटक्यात उचलायची. ट्रॅफिकमध्ये हा झटका बंद पडण्यापेक्षा धोक्याचा.

आयडलिंग स्क्रू आत घेणं ही गॅरेजमधली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी दुरुस्ती आहे. तो स्क्रू मिश्रण बदलत नाही, फक्त स्लाइडला खालून टेकू देतो. स्लाइड वर राहिली की इंजिन बंद पडलेल्या स्लो सर्किटऐवजी, म्हणजे स्लो जेटच्या वाटेऐवजी, निडल जेटकडून (स्लाइडला लावलेल्या सुईच्या वाटेने) पेट्रोल ओढायला लागतं. आजार तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

दुसऱ्या गॅरेजमधली तपासणी

गाडी मग पंचवटीतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे आली. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून नव्या दुचाक्या बहुतेक सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. कार्बोरेटर शांतपणे उघडणारे हात आता शोधावे लागतात.

मेस्त्रींनी आधी हत्यार उचललं नाही. मालकांना दोनच प्रश्न केले: 'काका, गाडी किती दिवस उभी होती? आणि कॉक बंद केला होता का?' मग आयडलिंग स्क्रू बाहेर घेऊन रेस जागेवर आणली आणि इंजिन तापल्यावर चोकची चाचणी घेतली.

चाचणी साधी आहे. इंजिन गरम, आयडलिंगवर. चोक अर्धा लावायचा. इंजिन सुधारलं तर मिश्रण पातळ होतं, पेट्रोल कमी पडत होतं. गुदमरलं तर मिश्रण आधीच घट्ट होतं. इथे आयडलिंगला अर्धा चोक लावताच इंजिन गुदमरून बंद पडलं. पण मूठ अगदी किंचित, साधारण एक-अष्टमांश फिरवून धरली आणि मग अर्धा चोक लावला, तर इंजिन सुधारलं.

म्हणजे आयडलिंगला पेट्रोल जास्त, आणि स्लाइड जरा उचलली की कमी. एकाच गाडीत दोन उलटे दोष. प्लगही काजळीने काळा निघाला. नुसतं 'कचरा अडकलाय' म्हणून हे सुटत नाही, कारण जेटमध्ये अडकलेल्या कचऱ्याने जास्त पेट्रोल येत नाही.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहून घेतल्या. थंड इंजिनवर टॅपेट गॅप (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट) कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे आहे का, कारण घट्ट बसलेला व्हॉल्व्हही आयडलिंग बिघडवतो. गॅप बरोबर होता. नवा प्लग लावून पाहिला, फरक पडला नाही. आणि कार्बोरेटर व इंजिन यांमधल्या इन्सुलेटरच्या जोडावर चालू इंजिनवर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारला. तिथून हवा लीक होत असेल तर पाणी क्षणभर फट बुजवतं आणि इंजिनचा आवाज बदलतो. आवाज बदलला नाही. (अनेक जण इथे कार्ब क्लीनर मारतात. तापलेला सायलेन्सर आणि प्लगची वायर हातभर अंतरावर असताना तो फवारा पेट घेऊ शकतो.)

पर्याय

समोर चार वाटा होत्या. टाकीत क्लीनरचं औषध ओतून गाडी चालवायची: ताज्या चिकट थराला याने थोडा फरक पडतो, पण पूर्ण बुजलेल्या वाटेतून औषध जाणारच नाही, आणि गंज त्याने विरघळत नाही. वाटी पुन्हा गाडीवरच उघडायची: हे एकदा झालेलं होतं. बाजारातला स्वस्त नवा कार्बोरेटर बसवायचा: मालकांचा कल इकडे होता, कारण काम तासाभरात झालं असतं. मेस्त्रींचा आक्षेप दोन मुद्द्यांवर होता. तशा कॉपीमध्ये जेटचे आकडे मूळ गाडीचे असतीलच याची खात्री नसते. आणि टाकी आहे तशी राहिली तर नवा कार्बोरेटरही आठवड्याभरात याच वाटेने जाणार. चौथी वाट, म्हणजे कार्बोरेटर उतरवून पूर्ण खोलायचा आणि टाकीही काढायची. त्याला दोन दिवस लागणार होते. मालकांनी कुरकुर करत तीच घेतली.

उघडल्यावर काय दिसलं

उतरवण्याआधी वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल पांढऱ्या कपात घेतलं. तळाशी पाऱ्यासारखे गोल थेंब, म्हणजे पाणी, आणि तांबूस बारीक पूड. टाकीचा दोष तिथेच सिद्ध झाला.

मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण कमीजास्त करणारा) काढण्याआधी तो किती फेरे बाहेर आहे हे मोजून लिहून ठेवायचं: हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फेरे मोजायचे, मगच काढायचा. तो साडेतीन फेरे बाहेर निघाला. पहिल्या गॅरेजमध्ये कुणीतरी तो फिरवलेला होता. स्क्रूसोबत स्प्रिंग, वॉशर आणि इवलीशी ओ-रिंग असते. शेवटच्या दोन वस्तू बऱ्याचदा छिद्रातच चिकटून राहतात. त्या न काढता कॉम्प्रेसरची हवा मारली तर त्या उडून जातात आणि गॅरेजच्या फरशीवर पुन्हा सापडत नाहीत. इथे ओ-रिंग चपटी होऊन कडक झाली होती.

स्लो जेट भिंगाखाली नव्या जेटशेजारी धरला. त्यावर ३५ कोरलेलं होतं. या जातीच्या जेटवर हा आकडा छिद्राचा व्यास सांगतो: ०.३५ मिमी. जुन्या जेटचं छिद्र गोल राहिलं नव्हतं, एका बाजूला ओढल्यासारखं लांबट दिसत होतं. सेफ्टी पिनचं पोलाद जेटच्या पितळेपेक्षा कितीतरी कठीण. छिद्र ०.३५ चं ०.४० मिमी झालं, तर क्षेत्रफळ तब्बल ३० टक्के वाढतं. आयडलिंगला जास्तीचं पेट्रोल कुठून येतंय, याचा उलगडा झाला. असा जेट घासून, ठोकून मूळ मापावर येत नाही. त्याच आकड्याचा नवा घेतला.

जेटमध्ये काही घालायचंच असेल तर लवचीक वायरीतली तांब्याची एक तार वापरावी. साधारण ०.२ मिमी जाड असते, मऊ असते, छिद्र खात नाही. त्याआधी जेट तासभर कार्ब क्लीनरमध्ये भिजवावा. बहुतेक वेळा तारेची गरजच पडत नाही.

बुजलेली वाट

आता दुसरा दोष: मूठ किंचित फिरवल्यावर पेट्रोल कमी का पडतं?

स्लो जेटमधून वर आलेलं पेट्रोल हवेशी मिसळून दोन ठिकाणी कार्बोरेटरच्या घशात उतरतं. एक छिद्र इंजिनच्या बाजूला, मिक्श्चर स्क्रूच्या टोकाने आवळलेलं. आयडलिंग त्यावर चालतं. दुसरं त्याहून बारीक, बरोबर स्लाइडच्या कडेपाशी. त्याला बायपास म्हणतात. स्लाइड खाली असताना तिथून पेट्रोल ओढलं जात नाही, उलट थोडी हवाच आत जाते. स्लाइड जरा उचलली की तिथेही ओढ लागते आणि निडल काम सुरू करेपर्यंतची पोकळी तेच छिद्र भरून काढतं. ते बुजलं तर नेमका सिग्नल सुटतानाचा झटका येतो. शिवाय आयडलिंगला त्यातून जाणारी हवा थांबल्याने मिश्रण आणखी घट्ट होतं. दोन्ही लक्षणं एका टिंबाएवढ्या छिद्रापाशी येऊन मिळाली.

खात्री अशी केली. फ्लोट, फ्लोट पिन, सगळे जेट, सगळं रबर काढलेल्या नुसत्या बॉडीत स्लो जेटच्या जागी कार्ब क्लीनरची नळी लावून फवारा मारला. तो तीन ठिकाणांहून बाहेर यायला हवा: तोंडाशी असलेल्या हवेच्या छिद्रातून, मिक्श्चर स्क्रूच्या जागेतून आणि बायपासमधून. एकेक वाट बोटाने बंद करायची आणि उरलेल्यांकडे पाहायचं. हे करताना डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण फवारा कुठल्या वाटेने परत चेहऱ्यावर येईल सांगता येत नाही. हवेच्या छिद्रातून धार आली. स्क्रूच्या जागेतून बारीक आली. बायपासमधून काहीच नाही.

कॉम्प्रेसरची हवा आधी उलट दिशेने, म्हणजे घशातून जेटच्या जागेकडे मारली. सुलट मारली तर सैल झालेला कचरा अरुंद भागात आणखी ठासतो. एक थेंब तपकिरी पाणी आलं, पण वाट उघडली नाही. बायपासच्या तोंडाशी पांढरी पूड दिसत होती, आणि निर्णयाची खरी जागा ही होती. तपकिरी थर म्हणजे आटलेलं पेट्रोल, ते क्लीनरने विरघळतं. पांढरी पूड म्हणजे पाण्याने खाल्लेल्या धातूचा क्षार. तो क्लीनरमध्ये आठवडाभर बुडवला तरी जागचा हलत नाही. व्हिनेगर किंवा लिंबाच्या सत्वाने तो सुटतो, पण आम्ल क्षाराबरोबर बॉडीचा धातूही खातं, आणि आत वळणाच्या वाटेत किती वेळ झाला हे दिसत नाही. कॉस्टिक तर अजिबात नको, ॲल्युमिनियम त्यात विरघळतं.

तोडगा सराफ बाजारात निघाला. दागिने धुणाऱ्या कारागिरांकडे अल्ट्रासोनिक टाकी असते. ओळखीच्या एका कारागिराने ती वापरू दिली, अट एकच: पेट्रोलचा वासही उरता कामा नये. अट योग्यच होती, तापलेल्या पाण्याच्या टाकीत पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. बॉडी गरम साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन मग टाकीत ठेवली. साधारण ६० अंशांचं पाणी, भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब, दहा मिनिटांचे तीन फेरे. प्रत्येक फेऱ्यानंतर बॉडी फिरवून वेगळ्या बाजूने ठेवली. बारीक वाटेत हवेचा बुडबुडा अडकून राहिला तर तिथे पाणीच पोचत नाही, आणि जिथे पाणी नाही तिथे सफाई नाही. दुसऱ्या फेऱ्यानंतर पाण्यात पांढरट ढग उठला. तिसऱ्यानंतर बॉडी धुऊन लगेच हवेने कोरडी केली आणि फवारा मारला: बायपासमधून सुईसारखी सरळ धार.

टाकी

टाकी उतरवून रिकामी केली. आतला गंज सैल करायला मूठभर नट घालून हलवायची पद्धत आहे. तसं करायचं तर नट मोजून घालावेत आणि मोजूनच काढावेत. इथे जुन्या चेनचा हातभर तुकडा वापरला, तो एकसंध बाहेर येतो. मग व्हिनेगर भरून रात्रभर ठेवलं. सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने धुतली, उन्हात आणि हवेने वाळवली आणि लगेच पेट्रोल घालून आतून फिरवलं. उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबडा पडू लागतो.

कॉकची जाळी फाटलेली निघाली, ती बदलली. पाइपमध्ये पारदर्शक फिल्टर टाकला, पण जाळीचा. चारचाकीचा कागदी फिल्टर पंपाच्या दाबासाठी असतो. दुचाकीत पेट्रोल नुसतं उतारावरून येतं, तिथे तो गाडी उपाशी ठेवतो.

जोडणी आणि ट्यूनिंग

मिक्श्चर स्क्रूची, वाटीची आणि इन्सुलेटरची रबरं नवी घातली. जेट योग्य रुंदीच्या स्क्रू ड्रायव्हरने, बसला की थांबायचं इतक्याच जोराने. मिक्श्चर स्क्रू आत घेताना जोर लावला तर त्याच्या टोकावर खाच पडते, कधी टोक मोडून छिद्रातच राहतं. वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून, ती वर धरून पेट्रोलची पातळी पाहिली. ती जागेवर होती.

स्क्रू दीड फेरा बाहेर ठेवून इंजिन सुरू केलं आणि दहा मिनिटं तापू दिलं. आयडलिंग १४०० वर आणलं. स्क्रू पाव-पाव फेरा आत घेतला, इंजिन अडखळलं ती जागा लक्षात ठेवली. मग बाहेर घेत गेले, पुन्हा अडखळलं ती जागा पाहिली. दोन्हींच्या मध्ये, जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं फिरतं तिथे स्क्रू थांबवला. त्याने रेस वाढली, ती आयडलिंग स्क्रूने परत १४०० वर आणली आणि सगळं एकदा पुन्हा केलं. स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर स्थिरावला.

इथे एक इशारा. काही कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो, तो बाहेर घेतला की पेट्रोल वाढतं. काहींत एअर फिल्टरच्या बाजूला असतो, तो बाहेर घेतला की हवा वाढते आणि मिश्रण पातळ होतं. आधी जागा पाहायची, मग फिरवायचं.

निष्पत्ती

पहाटे चोक लावून दुसऱ्या किकला सुरू, मिनिटभरात चोक उघडायचा, आयडलिंग १४०० च्या आसपास. सिग्नलचा झटका गेला. तीन आठवड्यांनी प्लग फिकट तपकिरी निघाला. महिन्याने ड्रेनमधून कपात घेतलेलं पेट्रोल स्वच्छ होतं, पण फिल्टरच्या तळाशी चिमूटभर तांबडी पूड जमली होती. टाकी शंभर टक्के साफ झालेली नव्हती. फिल्टर नसता तर ती पूड स्लो जेटपाशी पोचली असती. फिल्टर बदलला, पुढच्या महिन्यात जवळजवळ कोरा निघाला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी ड्रेन स्क्रू सैल करून कपभर पेट्रोल पाहिलं असतं तर पाणी आणि गंज दोन मिनिटांत दिसले असते, आणि टाकी सोडून जेटशी खेळण्यात चार दिवस गेले नसते. पिन घातली नसती तर जेट वाचला असता. मुळात दोष फक्त पातळ मिश्रणाचा होता, दुसरा माणसाने केला.

मेस्त्रींच्या बाजूनेही एक गोष्ट सुधारता आली असती. पांढरी पूड दिसल्यावरही त्यांनी अर्धा दिवस क्लीनर आणि हवेवर घालवला. बुजवणारा पदार्थ कोणता हे रंगावरून आधी ठरवलं असतं तर बॉडी सकाळीच सराफ बाजारात गेली असती.

आणि जूनमध्ये, शेडमध्ये लावताना: कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, ड्रेन स्क्रू उघडून वाटीतलं उरलेलं काढून घ्यायचं, टाकी काठोकाठ भरायची नाहीतर पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवायची. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. काकांनी आता शेडच्या दारावर खडूने 'कॉक' एवढंच लिहून ठेवलंय.